नुकतीच आलेली मुलं आणि इंग्रजीचा पहिला महिना

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण खरंच अडले आहे.

महिनाभरापासून मी एका शाळेत, देशात नुकत्याच आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. नऊ ते तेरा वर्षांची अकरा मुलं आणि घरच्या भाषा सहा: अरबी, स्पॅनिश, व्हिएतनामी, सोमाली, दारी (म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी) आणि युक्रेनियन. काही मुलं स्वतःच्या भाषेत घडाघडा वाचतात. एका अकरा वर्षांच्या मुलीने मात्र शाळा कधी पाहिलेलीच नाही. पहिल्या दिवशी ती पुस्तक उलटं धरून, मन लावून पानं उलटत बसली होती. मी मूळची विज्ञान शिकवणारी. आपल्याला इंग्रजी येतं म्हणजे शिकवताही येईल असं मी धरून चालले होते.

सुरुवात एबीसीडीपासून केली. मग 'धिस इज अ पेन, दॅट इज अ डोअर'. मुलं माझ्यामागून एका सुरात म्हणतात. पण वर्गाचं दार ओलांडलं की यातलं एक वाक्य त्यांच्या उपयोगी पडत नाही. मागच्या आठवड्यात एक मुलगा तासभर पोट आवळून बसून राहिला. त्याला 'धिस इज अ पेन' येत होतं, 'माझं पोट दुखतंय' येत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरा एक दहा वर्षांचा मुलगा आहे. महिना होत आला, तोंडातून शब्द नाही. खेळताना नाही, डबा खाताना नाही. "त्याला बोलतं कर, नाहीतर गप्प बसायचीच सवय लागेल," असं मला सांगण्यात आलं. म्हणून एकदा त्याला उभं करून नाव विचारलं. त्याचे कान लालबुंद झाले आणि तो बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारायला नको होतं.

आणि मुलांनी वर्गात आपापल्या भाषेत बोललं तर चालू द्यावं का? एका जाणत्या व्यक्तीने पालकांना सांगितलंय की घरीसुद्धा इंग्रजीच बोला. पालकांना स्वतःला येत नाही, ते तरी काय बोलणार?

इथे शिकवणारी बरीच मंडळी आहेत. पुस्तकी सल्ला नको, वर्गात उभं राहून जे कळलंय ते सांगा.

जुनाखडू

ताई, पोटदुखीच्या त्या प्रसंगातच तुमचा पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम आहे.

मी अशा वर्गांवर बरीच वर्षं काढली. पहिल्या दोन दिवसांत अक्षरांना हात लावत नाही. आधी सहा-सात वाक्यं: मला कळलं नाही, पुन्हा सांगा, थांबा, मला मदत हवी, बाथरूमला जाऊ का, इथे दुखतंय, हे माझं नाही. प्रत्येकाचं छोटं चित्र काढून एका पट्टीवर लावायचं आणि ती पट्टी प्रत्येकाच्या बाकावर चिकटवायची. मुलाने नुसतं बोट ठेवलं तरी ते बोलणं मानायचं. ज्याला आवाज फुटत नाही त्याचं बोट बोलतं. 'आय डोन्ट अंडरस्टँड' हे वाक्य आलं की मूल रोज दहा वेळा शिकायला मोकळं होतं. ते येत नसेल तर मूल नुसती मान डोलावतं, आणि आपल्याला वाटतं कळलं.

म्हणूनच 'डू यू अंडरस्टँड?' हा प्रश्न मी कायमचा सोडून दिला. त्याचं उत्तर नेहमी 'येस' येतं. त्याऐवजी काहीतरी करायला सांगा. निळी वही वर ठेव, सव्वीस नंबरचं पान काढ. हात काय करतात ते बघा.

आता त्या गप्प मुलाबद्दल. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत मांडली. तिचं मूळ साधं आहे. तान्हं मूल बोलायच्या कितीतरी आधी 'बॉल आण', 'इकडे ये' हे समजून तसं वागतं. मग दुसरी भाषा शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी बोलायला का लावायचं? वर्गात हे असं चालतं. मी 'स्टँड अप' म्हणतो आणि स्वतः उभा राहतो. मग सगळे माझ्याबरोबर. मग मी बसून राहतो आणि नुसतं म्हणतो, ते उभे राहतात. 'वॉक टू द डोअर', 'टच द विंडो', 'पुट द बुक अंडर द चेअर'. चार दिवसांनी जुन्याच शब्दांची न ऐकलेली जोडणी द्यायची: 'पुट द चेअर नेक्स्ट टू द डोअर'. हे वाक्य त्यांनी आधी कधीच ऐकलेलं नसतं, तरी खुर्ची दारापाशी जाते. ती जाते तेव्हा मुलांचे चेहरे बघा.

यात बोलायची सक्ती नाही. तुमचा गप्प मुलगा खुर्ची उचलेल बघा.

उंबरठा

मी तो गप्प मुलगा होते. म्हणजे मुलगी.

आठ वर्षांची असताना आम्ही देश सोडला. नव्या शाळेत मी जवळजवळ पाच महिने बोलले नाही. लोकांना वाटायचं माझ्या डोक्यात काहीच जात नाही. पण आत प्रचंड काम चालू होतं. सुरुवातीला सगळं बोलणं म्हणजे एक सलग आवाज, शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळायचं नाही. मग एक दिवस त्यातून 'ओके, एव्हरीबडी' वेगळं निघालं. बाई दर वेळी ते म्हणायच्या आणि सगळे वह्या मिटायचे. मग 'लाइन अप' निघालं. मी रात्री पांघरुणात तोंड घालून ते शब्द पुटपुटून बघायचे. वर्गात म्हणायची हिंमत नव्हती, कारण एकदा उच्चार चुकला तेव्हा मागच्या रांगेतून त्याची नक्कल झाली होती.

एका बाईंनी मला रोज वह्या वाटायचं काम दिलं. काही बोलायचं नाही, वहीवरचं नाव बघायचं आणि त्या मुलाच्या बाकावर ठेवायची. पहिल्या आठवड्यात मी चेहरे आणि वह्यांचे रंग लक्षात ठेवून भागवलं. मग नावाचं पहिलं अक्षर बघायला लागले. एकाच अक्षराच्या दोघी होत्या, तेव्हा दुसरं अक्षर बघावं लागलं. इंग्रजी वाचायला मी त्या वह्यांवरच्या तीस नावांवर शिकले, आणि मी शिकतेय हे मला तेव्हा कळलंही नाही.

पाटीपेन्सिल ताई, त्याला पुन्हा उभं करू नका. पण त्याला बाजूलाही ठेवू नका. काम द्या.

पाटीपेन्सिल

उंबरठा, हा प्रतिसाद तीनदा वाचला. उद्यापासून वह्या त्याच्याकडे.

वहीतली रेघ

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. खेळ, हालचाल, चित्रं हे सगळं चांगलं आहे. पण नऊ ते तेरा हे बालवाडीचं वय नव्हे. या मुलांना वर्षभरात इतिहास आणि विज्ञानाची पुस्तकं वाचायची आहेत. अक्षरं, स्पेलिंग, व्याकरण पुढे ढकललं तर ती बोलतील बरी, पण वाचताना कायम मागे राहतील. मी अशी मुलं पाहिली आहेत. गप्पा फर्डा इंग्रजीत, आणि परिच्छेद समोर ठेवला की घाम फुटतो. आम्ही पाढे पाठ केले, शब्दांची रूपं पाठ केली, ते वाया गेलं नाही. तेरा वर्षांच्या मुलाला नियम सांगितला तर कळतो, त्याला तो सांगायला हवा.

शब्दवेडी

वहीतली रेघ, तुम्ही पाहिलेलं खरं आहे. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये नेमका हाच फरक मांडला. मैदानावरची, समोरासमोरची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. पुस्तकातली भाषा, म्हणजे 'परिणामी', 'तुलना करा', 'कारणे द्या' ही, वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. गोंधळ इथेच होतो. मूल फर्डा बोलायला लागलं की शाळेला वाटतं झालं काम, आणि जादा तास बंद होतात. तिथून ते मागे पडतं.

पण म्हणून पहिल्या महिन्यात नियम शिकवायचे, हे मला पटत नाही. नियम कोणत्या भाषेत सांगणार? 'द' आणि 'अ' मधला फरक इंग्रजीत समजावायला जेवढं इंग्रजी लागतं, तेवढं त्याच्याकडे असतं तर तो या वर्गात नसता. दुसरी भाषा कशी येते याचे अमेरिकन अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं मला इथे पटतं: जे ऐकतोय त्याचा अर्थ लागायला हवा, आणि ते आपल्याला येतं त्याच्या एकच पायरी वर असावं. हळू बोला, हातवारे करा, वस्तू दाखवा, तेच वाक्य पुन्हा तसंच म्हणा. आपण काय करतो, मुलाला कळलं नाही की दुसऱ्या शब्दांत सांगतो. झालं, आता त्याला दोन वाक्यं कळलेली नाहीत.

क्रॅशन यांचं सगळंच सर्वांना मान्य नाही. नियम मुद्दाम शिकवण्याचाही उपयोग होतो असं बरेच अभ्यासक मानतात, आणि तेरा वर्षांच्या मुलाबाबत मीही मानते. फक्त क्रम महत्त्वाचा. आधी तो पन्नास वेळा 'शी वॉक्स' ऐकू दे, मग शेवटचा 'स' दाखवा. तेव्हा तो म्हणेल, अरे हो, हे मी ऐकलंय.

आणि ताई, तुमच्याकडे सहा भाषा आहेत म्हणजे चुकाही सहा प्रकारच्या येणार. त्या ओळखायला शिकलात तर निम्मी काळजी जाईल. अरबीत 'प' हा ध्वनी नाही, म्हणून पेनचं 'बेन' होणार. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'स'ला जोडून व्यंजन येत नाही, म्हणून 'एस्कूल'. स्पॅनिशमध्ये स्वरही पाचच, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' त्या मुलाच्या कानाला एकच. व्हिएतनामीत काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, म्हणून 'यस्टरडे आय गो'. तो काल म्हणाला ना, मग पुन्हा क्रियापदात काल कशाला सांगायचा? त्याच्या भाषेच्या हिशेबाने त्याचं बरोबर आहे. युक्रेनियनमध्ये 'अ', 'अ‍ॅन', 'द' हा प्रकारच नाही. मराठीतही नाही, म्हणून 'द' कुठे घालायचा हे आपल्यापैकी पुष्कळांना अजूनही कानावर सोडावं लागतं.

लिपीचं तर आणखी नाजूक. युक्रेनियन मुलाला रोमन लिपी सोपी जाईल असं वाटतं, पण त्याच्या लिपीत 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं, 'एच'सारखं 'न' आणि 'बी'सारखं 'व'. तो चुकत नसतो, तो बरोबर वाचत असतो, फक्त दुसरी लिपी. सोमालीला १९७२ पासून रोमन लिपी आहे, पण तिथे 'एक्स' हे अक्षर घशातल्या 'ह'साठी वापरतात. अरबी आणि दारी उजवीकडून डावीकडे, आणि कॅपिटल, म्हणजे मोठी अक्षरं हा प्रकारच नाही. अर्थात देवनागरीतही नाही, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला मोठं अक्षर का, हा प्रश्न आपल्याला अगदी जवळचा आहे.

गणितवाला

अवांतर नाही, म्हणून लिहितो. या मुलांना गणितात इंग्रजी लागत नाही असं समजून थेट गणिताच्या वर्गात बसवतात. पण आकडेही भाषा आहेत. अनेक देशांत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात. भागाकाराची मांडणी वेगळी असते. अरबी अंकांत शून्य म्हणजे एक ठिपका आणि पाच जवळजवळ गोल. आपला मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, तसंच. माझ्याकडच्या एका मुलाचे सगळे भागाकार चूक म्हणून कापले गेले होते. त्याला फळ्यावर त्याच्या पद्धतीने करायला सांगितलं, उत्तर बरोबर. सगळ्या वर्गाने ती रीत वहीत उतरवून घेतली. त्या दिवसापासून तो पहिल्या बाकावर बसायला लागला.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्ट्या बाकांवर चिकटवल्या. सगळ्यात जास्त बोटं 'थांबा'वर पडतात! मी किती घाईने बोलते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

'एस्कूल'वाल्याला मी रोज अडवत होते. आता थांबवलं आहे.

शाळा न पाहिलेल्या मुलीचं काय करू? ती पेन्सिल मुठीत धरते. चित्र दाखवलं तर ते कशाचं चित्र आहे हेही तिला कधी कधी ओळखता येत नाही. फोनिक्सचा, म्हणजे कोणत्या अक्षराचा कोणता आवाज याचा, तक्ता लावला आहे, पण 'ए फॉर अ‍ॅपल' तिच्यासाठी नुसता आवाज आहे. ती खूप प्रयत्न करते, म्हणून जास्त जीव तुटतो. एकाने सुचवलं की तिची 'शिकण्याची अडचण' म्हणून तपासणी करून घ्या.

जुनाखडू

तपासणी करायची तर आधी डोळ्यांची आणि कानांची करा. ते बऱ्याचदा राहून गेलेलं असतं. 'शिकण्याची अडचण' हा शिक्का घाईने मारू नका. तिला तिच्या भाषेत गोष्ट सांगता येते का? धाकट्या भावंडांना सांभाळते का, हिशेब करते का, रस्ते लक्षात ठेवते का? दुभाष्याच्या मदतीने तिच्या घरच्यांना विचारा. स्वतःच्या भाषेत सगळं नीट चालत असेल तर अडचण शिकण्याची नाही, शिकायला मिळालं नाही एवढीच आहे.

मग सुरुवात हाताने. वाळूत रेघा, फळ्यावर मोठे गोल, कात्री, चिकटवणं. पुस्तक कुठून उघडतं, ओळ कुठून सुरू होते, ओळ संपली की बोट कुठे जातं. हे आपण कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही, म्हणून ते शिकवायचं असतं हेच सुचत नाही. चित्रं वाचणंही शिकावं लागतं. म्हणून तिला चित्राआधी खरी वस्तू द्या. खरी किल्ली, खरा चमचा, हातात. मग त्या वस्तूचा फोटो, मग चित्र, मग शब्द.

वाचायला पुस्तक नको. तिचंच बोलणं वाचायला द्या. दोघींनी मिळून काहीतरी करा, म्हणजे एक बी कुंडीत लावा. मग विचारा, काय केलं? ती म्हणेल, 'आय पुट सीड.' मोठ्या अक्षरात तसंच लिहा. तिच्यासमोर, एकेक शब्द तोंडाने म्हणत. मग तिने बोट ठेवून वाचायचं. ती वाचू शकते, कारण वाक्य तिचंच आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याच्या पट्ट्या कापून शब्द वेगळे करा आणि तिला जुळवू द्या. फोनिक्स इथून येऊ द्या: 'सीड'मधला पहिला आवाज कोणता? तोच 'सन'मध्ये आहे का?

न्यूझीलंडच्या शिक्षिका सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांच्या वर्गात रोज प्रत्येक मुलाला विचारायच्या, आज तुला कोणता शब्द हवा? मुलाने मागितलेला शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. मुलं भीतीचे, मायेचे शब्द मागायची आणि ते एकदा बघून लक्षात ठेवायची. मी हे करून पाहिलंय. 'अ‍ॅपल' आठ दिवस डोक्यात शिरत नाही तिथे 'आजी' एका दिवसात शिरतो.

वहीतली रेघ

जुनाखडू, एक शंका. तिने 'आय पुट सीड' म्हटलं तर चूकच लिहायचं? चूक डोळ्यांसमोर राहिली तर ती पक्की होईल.

जुनाखडू

शंका रास्त आहे, आणि माझं मत पूर्वी तुमच्यासारखंच होतं. पहिल्या आठवड्यांत मी तिचे शब्द तसेच लिहितो, स्पेलिंग मात्र बरोबर. कारण मी बदललं तर ती वाचताना अडखळते, ते वाक्य तिचं राहत नाही. बोलताना मात्र मी उत्तर पूर्ण देतो: 'येस, यू पुट द सीड इन द पॉट.' दुरुस्ती कानावर पडते, तिचा हात कुणी धरत नाही. थोडं बळ आलं की दोघं मिळून वाक्य सुधारतो. मोठ्या आणि स्वतःच्या भाषेत लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांचं मी लवकर सुधारतो. तिथे तुमचं बरोबर आहे, त्यांना नियम आवडतात, आधार वाटतो. तुमच्या युक्रेनियन मुलाला तक्ता द्या ताई, तो घरी जाऊन भरून आणेल.

रातराणी

मी संध्याकाळी मोठ्यांना शिकवते, म्हणजे यांच्या आई-वडिलांना. तिकडची बाजू सांगते.

पालकांना 'घरी इंग्रजी बोला' हा सल्ला कृपया देऊ नका, आणि दिला असेल तर परत घ्या. माझ्या वर्गातल्या एका आईने तो सल्ला मानला. तिला येणारे चाळीस-पन्नास शब्द ती मुलाशी बोलायची: कम, ईट, स्लीप, नो. सहा महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की मुलाशी आपण फक्त हुकूम बोलतो. गोष्ट सांगायची बंद झाली, रागावून मग समजूत काढायची बंद झाली. हे सांगताना ती रडली. त्या मुलाचं इंग्रजी काही त्यामुळे सुधारलं नव्हतं.

दुसरं, मुलांना दुभाषे करू नका. इंग्रजी मुलांना लवकर येतं, मग दवाखान्यात, कचेरीत, शाळेच्या पालकसभेतसुद्धा आईचं बोलणं मूलच सांगतं. आईच्या आजाराची बातमी दहा वर्षांच्या मुलीने आईला सांगायची? शाळेकडे मोठ्या माणसाचा दुभाषा मागा, फोनवरचा चालेल. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप उद्या सहल आहे, डबा आणा, एवढ्यापुरतं ठीक.

शब्दवेडी

रातराणी, अगदी खरं.

वर्गातल्या घरच्या भाषेबद्दल: बोलू द्या. दोन व्हिएतनामी मुलं एकमेकांना तुमची सूचना समजावत असतील तर ती तुमचंच काम करतायत. ज्याला 'बाष्पीभवन' त्याच्या भाषेत कळलंय, त्याला इंग्रजीत फक्त नवा शब्द शिकायचा असतो. ज्याला कुठल्याच भाषेत कळलेलं नाही, त्याला शब्द आणि कल्पना दोन्ही एकदम पेलाव्या लागतात. स्वतःच्या भाषेत वाचता येणारं मूल दुसऱ्या भाषेत वाचायला लवकर शिकतं, कारण खुणांमधून अर्थ काढायचा असतो हे त्याला एकदाच शिकायचं असतं. तुम्ही विज्ञानाच्या आहात ना ताई? मग विज्ञानच शिकवा. पाणी उकळा, बर्फ वितळवा, 'हॉट', 'कोल्ड', 'मोअर', 'लेस'. या मुलांना तासभर नुसतं इंग्रजी देण्यापेक्षा इंग्रजीतून काहीतरी द्या.

आणि जे म्हणतात की सगळ्यांना एकच पुस्तक, एकच वर्ग, यांच्यासाठी वेगळं कशाला, त्यांच्यासाठी एक जुना निकाल. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी वंशाच्या सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी न येताच वर्गात बसवलं होतं, वेगळी मदत नव्हती. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, 'लाउ विरुद्ध निकोल्स'. १९७४ मध्ये न्यायालयाने एकमताने मुलांच्या बाजूने निकाल दिला. सारखी इमारत, सारखी पुस्तकं आणि सारखे शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षणाचं दार बंदच राहतं, असा त्याचा आशय. शाळेत कुणाशी वाद घालायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

उंबरठा

एक राहिलं होतं. नावं.

माझं नाव नव्या शाळेत पहिल्याच दिवशी लहान केलं गेलं, त्यांना उच्चारायला सोपं जावं म्हणून. मी हो म्हटलं, कारण 'नाही' म्हणायचे शब्द नव्हते. बारावीपर्यंत मी त्या नावाने वावरले. प्रत्येक मुलाला विचारा, तुझं नाव कसं म्हणायचं? तुम्ही म्हणून दाखवा, त्याने दुरुस्त करावं. दहा वेळा चुकलात तरी चालेल. दिवसात एकदा तरी वर्गातलं सगळ्यात अवघड उच्चाराचं काम बाईंना करायला लागू दे. ते पाहून मुलांना चुकायचं धैर्य येतं.

जुनाखडू

+१. आणि ताई, प्रश्न विचारल्यावर मनात मोजायला शिका. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. हे भाषा येणाऱ्या मुलांचं झालं. आपल्या मुलांना प्रश्न ऐकायचा, स्वतःच्या भाषेत आणायचा, उत्तर शोधायचं, ते इंग्रजीत न्यायचं आणि मग तोंड उघडायचं आहे. मी दहापर्यंत मोजतो. पहिल्या आठवड्यात ते दहा आकडे फार लांब वाटतात.

पाटीपेन्सिल

दोन महिन्यांनी धागा वर आणतेय.

मुलीचं आधी. डोळे तपासले, चष्मा लागला. लांबचं तिला दिसतच नव्हतं, तक्ता भिंतीवर होता. 'आय पुट सीड'ची आता सोळा पानांची वही झाली आहे, दोऱ्याने शिवलेली. परवा तिने तिचा शब्द मागितला, 'गोट'. तिच्या घरी शेळ्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. रातराणी, तुमचा प्रतिसाद मी शाळेत दाखवला आणि पालकांना नवं पत्र गेलं, त्यांच्या त्यांच्या भाषेत. वहीतली रेघ, युक्रेनियन मुलाला तक्ते दिले. त्याने त्याच्या लिपीतली अक्षरं शेजारी लिहून फसवी अक्षरं लाल केली आणि तो कागद आता वर्गात लावला आहे.

नावं मी रोज म्हणते. एक अजून जमत नाही. घशातला 'ह' आहे. ती सोमाली मुलगी रोज सकाळी मला दोनदा म्हणून दाखवते, आणि बाकीचे दहा जण ऐकत थांबतात.

आणि तो. वह्या वाटतो. खुर्ची उचलली, जुनाखडू म्हणाले तसंच. पण आवाज नाही. मी दहा मोजायचे आणि पुढच्याकडे जायचे, त्याच्याकडे न रोखता. बुधवारी फळ्यावर आम्ही बर्फाचं लिहिलं होतं, पाच ओळी. तास संपला म्हणून मी डस्टर उचललं आणि वरची ओळ पुसायला हात नेला. मागून आवाज आला, "वेट."

वळून पाहिलं तर तो वहीवर वाकलेला, पेन्सिल चालू. माझ्याकडे बघतही नव्हता. बाकावरच्या पट्टीवरचा तोच शब्द, पण बोट ठेवलेलं नव्हतं. मी काही बोलले नाही, डस्टर हातात धरून तशीच उभी राहिले. त्याने उरलेल्या दोन ओळी उतरवल्या, शेवटचा पूर्णविराम गिरवून ठळक केला, मग वर बघून म्हणाला, "ओके."

मी फळा पुसला.

आता पुढची अडचण. 'मेल्टेड', 'वॉक्ट', 'प्लेड', तिन्हीचा शेवट लिहिताना सारखा आणि म्हणताना तीन तऱ्हा. शब्दवेडी, हे कधी आणि कसं काढू?